हातात सायकल धरून चालणारे

ज्या माणसाकडे सायकल आहे आणि जो तिच्यावर कधीच बसत नाही, त्याच्यावर संशय घ्यावा की घेऊ नये? मी घेतला. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर अगदी शेवटच्या गाळ्यात राहणारे हे गृहस्थ दर रविवारी पहाटे सायकल खांद्यावर मारून जिना उतरायचे, रस्त्यावर आले की ती खाली टेकवायचे आणि हाताला धरून थेट दादर स्टेशनपर्यंत चालत जायचे. रस्ता मोकळा, सायकल धडधाकट, माणूसही धडधाकट. पण बसायचं नाव नाही. संध्याकाळी तसेच चालत परत. जाताना लखलखीत असलेली सायकल येताना चिखलाने माखलेली असायची. हे स्वतः कोपरा-गुडघ्यांवर खरचटलेले, पण चेहरा लग्नात जेवून आल्यासारखा तृप्त.

एकदा मी न राहवून विचारलंच, "काका, सायकलवर बसत का नाही हो?"

"सपाटीला?" ते म्हणाले. "सपाटीनं तिची सवय बिघडती."

आम्ही त्यांना सायकलवाले म्हणायचो. त्यांना नाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कोणाला लागत नसे. माझ्या बाबांच्याच मिलमध्ये, बाबांच्याच साचेखात्यात ते फिटर होते. साचा म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली धडधडायचे. सव्वीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे सायकलवाल्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे ते स्वतः बोलले की पलीकडच्या चाळीतल्या लोकांना कळायचं. बायकामुलं साताऱ्याकडे गावी. इथे गाळ्यात सहा-सात गडी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीलगत एक पथारी. यांची पथारी खिडकीखाली होती आणि सायकल तिच्या वर खुंट्यांना टांगलेली. वीस वर्षं ते त्या चाकाखाली झोपत होते.

मी त्या वेळी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे काम माझ्या स्वभावाला फार मानवलं होतं. घरी आलो तरी ती नजर उतरत नसे. दूधवाल्याचं माप, वाण्याचा काटा, पाहुण्यांनी सांगितलेली पत्रिका, सगळीकडे मला काहीतरी खटकायचंच. आई म्हणायची, "ह्येका देवळात न्हेलो तर देवाकय इचारीत, खरो तूच मां?"

तर हे सायकलवाले रविवारी जातात कुठे, हा माझ्या आवडीचा विषय होता. दुसरी बाई, दारू, मटका, सगळे अंदाज मी करून पाहिले होते. विचारलं की ते खरं उत्तर देत, आणि तेच मला जास्त संशयास्पद वाटायचं. "घाटात जातो. जुन्या लायनीला."

खंडाळ्याच्या घाटात इंग्रजांच्या काळातली एक रेल्वेची लाइन होती म्हणे. पुढे दुसरीकडून नवी लाइन काढली आणि ही सोडून दिली. रूळ काढून नेले. राहिली खडी, दगडी पूल आणि दोन-चार बोगदे. त्या वाटेवरून हा माणूस सायकल चालवत चढायचा आणि उतरायचा. पॅसेंजरच्या सामानाच्या डब्यात सायकल टाकून कर्जतला उतरायचं, वर जायचं, खाली यायचं, परत. पन्नाशीच्या पुढचा माणूस. कशासाठी? तर कशासाठी नाही. हे उत्तर प्रूफात आलं असतं तर मी त्याच्याभोवती लाल गोल केला असता.

सायकलही त्यांनी स्वतः बनवलेली. मूळची काळी, दणकट, दूधवाल्यांची असते तसली. मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर सगळं काढून टाकलेलं. हँडल पाण्याच्या पाइपचं, हातभर रुंद. सीटखाली साच्याची जुनी स्प्रिंग. घंटी मात्र ठेवलेली, मोठी, पितळी. "ही कशाला? घाटात कोण आडवं येतंय?" मी विचारलं होतं. म्हणाले, "बोगद्याला कळाय नको व्हय?"

मग संप सुरू झाला. पहिले काही महिने सगळ्यांना वाटायचं, दिवाळीपर्यंत मिटेल. मग कोणी दिवाळीचं नाव काढेनासं झालं. गाळ्यातले चार गडी गावी निघून गेले. बाबा घोडपदेवला कुठल्याशा लाकडाच्या वखारीत रोजंदारीवर जाऊ लागले. सकाळी सहाला डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे. आई म्हणायची, वखारीतले कपडे बरे, धुवायला त्रास नाही. माझा पगार होताच, पण तेवढ्याने घर चालत नव्हतं हे मला ठाऊक होतं. बाकीचं कसं चालतं हे मी विचारलं नाही.

त्या दिवसांत चाळीत सगळेच माझ्यासारखे झाले होते. कोण कुठे गेला, कोणाच्या घरी मटणाचा वास आला, कोणाच्या पोराला नवी चप्पल, सगळ्यांवर सगळ्यांची नजर. कारण काही लोक लपूनछपून मिलमध्ये कामाला जात होते. पोलिसांच्या गाडीत बसून मागच्या गेटने. असा एक माणूस चाळीत निघाला तर उरलेल्यांनी उपाशी राहण्याला काही अर्थच उरला नसता. वरच्या मजल्यावरचे नाना हे आमच्या चाळीतले संपाचे पुढारी. स्वतः साचेखात्यातले, बोलायला मऊ, पण या एका गोष्टीत कोणाचं ऐकणारे नव्हते.

एका रविवारी सायकलवाले समोरचा दात पाडून आले. उताराला ब्रेकचं रबर जळालं आणि सायकल खडीत गेली. तोंड सुजलेलं, शर्टावर रक्त. बाबा त्यांच्याकडे बघत उभे राहिले होते, बराच वेळ. पुढच्याच आठवड्यात सायकलवाले गॅलरीत ब्रेक बसवत बसले होते आणि नाना तिथून जाता जाता थांबले. रबराच्या जागी त्यांनी कातड्याचे तुकडे कापून बसवले होते. दुसऱ्या कोणी ते बघितलं असतं तर चामडं म्हणून सोडून दिलं असतं. पण नानांनी वाकून वास घेतला.

"हा पिकर आहे," नाना म्हणाले.

पिकर म्हणजे साच्यावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याला टोला मारतो तो म्हशीच्या कातड्याचा ठोकळा, तेलात मुरवलेला, हाडासारखा घट्ट. साचेखात्यातला माणूस तो अंधारातही ओळखेल. आणि हा नवाकोरा होता. धोट्याचा एकही वण त्यावर नव्हता. मिलच्या गेटाला टाळं लागून इतके महिने झाले, मग नवा पिकर येणार कुठून? आत जाणाऱ्याशिवाय तो कोणाच्या हाताला लागणार?

"कुठून आणलात?" नानांनी विचारलं.

सायकलवाल्यांनी पाना खाली ठेवला. जरा विचार केला आणि म्हणाले, "घाटात घावला."

एवढ्या वाईट थापेवर हसावं की चिडावं हे कोणाला कळेना. नाना म्हणाले, सोमवारी सगळे बसू. तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, रविवारी मी यांच्याबरोबर जातो. खरं काय, खोटं काय, बघून येतो. असल्या कामाला माझ्यासारखा माणूस नाही, हे सगळ्यांनीच मान्य केलं. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "तेच्या वाटेक कित्याक जातंस? सोड." मला वाटलं, बाबांचा स्वभाव भिडस्त.

रविवारी कर्जतला मी भाड्याची सायकल घेतली. तिला ब्रेक होता, असं दुकानदाराचं म्हणणं. गाव मागे पडलं, चढ लागला आणि सायकलवाले सायकलवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना बसलेलं बघत होतो. दणकट, घोगऱ्या आवाजाचा, पाय ओढत चालणारा तो माणूस सीटवर बसला आणि त्याचं वयच कुठेतरी गेलं. खडीवरून ते असे चढत होते, की दगड चाकाखालून आपणहून बाजूला होत असावेत. मी मागून ढकलत, धापा टाकत. पावसाळा नुकताच सरला होता. एका बाजूला कातळ, त्यावरून पाणी, दुसऱ्या बाजूला दरी. पण मी दरी बघायला आलो नव्हतो. मी त्यांचे खिसे बघत होतो. वाटेत कोणी भेटतं का, कुठे काही ठेवलंय का, यावर माझं लक्ष.

वर एके ठिकाणी वाट अचानक संपली. पुढे नुसती हवा. सायकलवाले उतरले आणि दगडावर निवांत बसले.

"चला की," मी म्हणालो.

"थांब. इंजान बदलाय लागलंय."

मला वाटलं, डोकं फिरलं. पण नाही. जुन्या काळी गाडी इथे येऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट तोंडाने वरचा चढ चढायची. सरळ चढायला डोंगराने जागाच दिली नव्हती. रूळ जाऊन पन्नास वर्षं झाली तरी हे गृहस्थ दर रविवारी तिथे दहा मिनिटं थांबायचे, इंजिन बदलेपर्यंत. मग सायकलचं तोंड फिरवून वरच्या वाटेला लागायचे.

"घाई केली तर काय होईल?" मी विचारलं.

"काय व्हतंय? कुणी बघतंय का?" ते म्हणाले. "पर त्यांना थांबावंच लागायचं ना रं. मग आपुन का पळायचं?"

त्या दहा मिनिटांत ते दरीकडे तोंड करून बसले होते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला तिथे काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण चेहरा ऐकत असल्यासारखा होता. मला क्षणभर वाटलं, हा माणूस कोणाला फसवणं शक्य नाही. मग मी स्वतःला सावरलं. असं वाटायला लावणारेच फसवतात, हा माझा अनुभव होता.

पुढे बोगदा आला. त्यांनी तीनदा घंटी वाजवली आणि मोठ्याने विचारलं, "येऊ का?" आतून त्यांचाच आवाज परत आला. मग आम्ही आत शिरलो. छतातून पाणी ठिबकत होतं, भिंती निथळत होत्या, माझी मान दोन मिनिटांत ओली झाली. मध्यावर, गाडी आली की कामगारांनी अंग चोरून उभं राहायला भिंतीत एक कोनाडा केलेला होता. तिथे थांबून ते म्हणाले, "हितं बघ बरं. हितंच घावला व्हता मला. आजून आसंल."

मी टॉर्च मारला. कोनाड्यात दगडाच्या खाचेत एक पिकर होता. मी तो हातात घेतला. खाली चिखल, वर पाणी, भोवतालचा दगड ओलाचिंब. आणि पिकर खडखडीत कोरडा.

"पटलं का?" त्यांनी विचारलं. "घरी सांग. नानांना सांग. बाबांना पण सांग, घाटात घावतात म्हणून."

मी पिकर खिशात घालायला लागलो तर त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे तितंच. ज्याचा आसंल तो न्हील." मी तो परत ठेवला. मला त्याची गरज नव्हती. मला हवं ते मिळालं होतं. परतीच्या सबंध उतारावर मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो.

सोमवारी संध्याकाळी सगळे गॅलरीत बसले. सायकलवाले मधोमध, आमच्या दाराकडे तोंड करून. मी दारात बाबांच्या शेजारी उभा. बाकीचे सायकलवाल्यांच्या मागे नि बाजूला. नानांनी मला विचारलं आणि मी माझं वाक्य टाकलं: "पिकर तिथे आहे. पण सगळा बोगदा गळत होता आणि पिकर कोरडा होता. तो आदल्या रविवारचा नाही, त्याच दिवशीचा. माझ्यापुढे चालत होते, तेवढ्यात ठेवला."

कोणीतरी "शाब्बास" म्हणालं. मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नाना सायकलवाल्यांना म्हणाले, "आता तरी खरं सांगा. कोणी दिला?" सायकलवाले अंगठ्यावरचं वंगण पुसत होते. बाबा माझ्या बाजूला हलले, एक पाऊल पुढे टाकल्यासारखं. तेव्हा सायकलवाल्यांनी वर बघितलं. त्यांचे ओठ मिटले, पुन्हा मिटले आणि उघडले. आवाज नव्हता. मला वाटलं, मनातल्या मनात मला शिव्या देतायत. बाबा होते तिथेच थांबले.

"गाळ्यात फितूर नको," नाना हळूच म्हणाले. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सायकलवाल्यांनी खिडकीखालची पथारी गुंडाळली. कॅरियर नव्हता म्हणून ट्रंक सीटवर आडवी ठेवून एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने हँडल. आणि वीस वर्षं जसे जात होते तसेच, सायकल हाताने धरून, चालत गेले. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

संप मिटला असं कोणी कधी सांगितलं नाही. मिल उघडली नाही, एवढंच. बाबांची वखारही बंद झाली आणि ते गॅलरीत बसून राहू लागले. मी छापखान्यात बढती मिळवली. सायकलवाले कर्जतला कुठेसे पंक्चर काढतात, असं एकदा कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

पाच-सहा वर्षं गेली. गणपतीचे दिवस होते. आमच्या खिडकीखालीच मंडळाचा लाउडस्पीकर, आणि लालबागचा लाउडस्पीकर म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने हाक मारली तरी कळत नाही. आम्ही सगळे ओरडून ओरडून बोलत होतो. बाबा मात्र गॅलरीत उभे राहून समोरच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्याशी गप्पा मारत होते, बिनआवाजाच्या. नुसते ओठ हलवायचे. तोही हलवायचा. मध्येच दोघे हसायचे. साचेखात्यात सगळे असेच बोलायचे, कारण तिथे आवाज चालतच नसे. हे मी लहानपणापासून ऐकून होतो, पण कधी नीट बघितलं नव्हतं. आता करमणूक म्हणून बघू लागलो. चार-पाच दिवसांत थोडं थोडं कळायलाही लागलं. बाबांना मजा वाटली. ते माझ्याशीही तसंच बोलू लागले. पाणी दे. चाय झाली? खिडकी लाव.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्यासमोर बसले. खाली स्पीकर फुटायला आलेला. त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि सावकाश ओठ हलवले. मी दोनदा मान हलवून पुन्हा सांगायला लावलं.

"वखार खंयची? मागच्या गेटान आत जाय होतंय."

मग, "ते दोनय पिकर मी दिलंय. तेचो दात पडललो. माका बघवला नाय."

त्या आवाजात जगातल्या कोणालाही ते ऐकू गेलं नसतं. म्हणूनच बहुधा त्यांना ते सांगता आलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो आणि मला दुसरे ओठ आठवले. मिटले, पुन्हा मिटले आणि उघडले. गप बसा. ती शिवी नव्हती, आणि मला तर नव्हतीच. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ते सांगत होते.

मला लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका शोधल्या, आणि वखारीतून येणाऱ्या बापाच्या कपड्यांवर एक कण भुसा कधी नव्हता, हे मी पाहिलंच नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या एका माणसाने माझ्या बापासाठी एक खोटं रचलं, तेही पिकर ओला करायला विसरून, आणि मी ते पकडलं म्हणून शाब्बासकी घेतली.

पुढच्या रविवारी मी कर्जतला गेलो. पंक्चरचं दुकान सापडलं, पण त्यात दुसराच माणूस होता. म्हणाला, ते मागल्या वर्षी सायकल घेऊन घाटावर गेले, गावी. "बसून गेले?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाय वो. हाताला धरून. चढ लागंस्तवर."

मी वरची वाट धरली. इंजिन बदलायच्या जागी बसलो, पुरी दहा मिनिटं. बोगद्याशी घंटी नव्हती म्हणून नुसतंच विचारलं, "येऊ का?" कोनाड्यात हात घातला. पिकर तिथेच होता. काठाने कुजलेला, फुगलेला, शेवाळलेला. त्यातून पाणी गळत होतं. असा तेव्हा निघाला असता तर मीसुद्धा विश्वास ठेवला असता.

घरी येऊन तो बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो तळव्यावर उलटासुलटा केला, अंगठ्याने दाबला.

"ओलो आसा," ते म्हणाले. मोठ्याने, आवाजासकट.

मग ते उठले. काठी घेतली आणि गॅलरीत गेले, जिथे त्या सोमवारी सगळे बसले होते त्या जागी. जमिनीवर बसले, पिकर समोर ठेवला. संध्याकाळची वेळ होती, लोक घरी परतत होते. नानाही जिना चढत होते, आता त्यांना दम लागायचा. बाबा तिथे बसून राहिले, हा कुठून आणलात असं कोणीतरी विचारायची वाट बघत.